व्यत्यय खपवून घेतला जाणार नाही

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी.

ठरलं. उद्गारकोश लिहायचा. माणूस दचकला, खवळला, खूश झाला किंवा दुसऱ्याच्या बोलण्यात घुसला की तोंडातून जे काही बाहेर पडतं, त्या सगळ्याचा अर्थ आणि उगम. अरे, अगं, छे, हट्, शाबास, खबरदार. आजवर कोणी केलेलं दिसत नाही. केलं असेल तर मी वाचलेलं नाही, म्हणजे एकच.

माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही. उभी हयात सभागृहाच्या कचेरीत हेडफोन लावून सदस्यांची भाषणं ऐकतोय आणि त्यांचं इतिवृत्त टाइप करतोय. ऐकणे हाच माझा धंदा. आमच्याकडे नियम असा, की भाषणाच्या मध्ये कोणी अरे, छे, अहो बसा हो खाली, असं ओरडलं तर ते सगळं गाळायचं आणि कंसात 'व्यत्यय' एवढंच लिहायचं. सगळ्यात जिवंत शब्द रोज माझ्या हातून मरतात. आता बास.

(बास : फारसीतून. पुरे. पहिली नोंद झालीसुद्धा!)

संकल्प : रोज दहा शब्द. महिनाअखेर कोश पूर्ण. रोज सकाळी फिरायला जाणे. याचा कोशाशी संबंध नाही, पण सुरुवात होतेच आहे तर होऊ दे.

चहाच्या वेळी घोषणा केली. ही म्हणाली, ते राहू दे, आधी लेकीचं ऐकून घ्या, तिला काहीतरी सांगायचंय. म्हटलं, मी कधी ऐकत नाही? आमची लेक म्हणजे बबडी. नाव लाडाचं, बाकी चांगली इंजिनिअर आहे. ती म्हणाली, बाबा, मला त्या पुलाच्या कंपनीतून... आणि तेवढ्यात तिला चहा पोळला. आई गं, म्हणाली. काय क्षण! मी तिला तिथंच थांबवलं आणि समजावलं, की पोळलं, ठेचकाळलं की माणूस आईला हाक मारतो आणि घाबरला की बापाला. आई गं, बाप रे. म्हणजे दुखणं आईच्या खात्यात आणि भीती बापाच्या. मग पूल हा शब्दही फारसीच, तेही सांगितलं. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. प्रभावित झाली.

कंपनीचं राहिलं. सांगेल.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.

फिरायला गेलो नाही. बूट सापडले, मोजे नाही.

शब्द : दोन. अं आणि अगं. हिच्याशी वाद. हिचं म्हणणं, पहिला शब्द हं घ्या. कोणी बोलत असताना समोरचा हं हं करतो ना, तो. म्हटलं, हं हा शब्दच नाही, नाकातून निघालेली हवा आहे. शिवाय कोश अकारविल्ह्याने चालतो. ह येतो शेवटी. तेव्हाचं तेव्हा बघू. ही म्हणाली, तुमच्या तोंडून तो ऐकून जमाना झाला. म्हटलं, कारण मला शास्त्रीय दृष्टी आहे.

हिला संशोधनासाठी एकदा इश्श म्हणून दाखवायला सांगितलं. हिने कणकेचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला शब्दकोशात जागा नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.

मोठी बातमी. ग्रंथालयात माझं व्याख्यान! शनिवार, तेवीस तारीख, संध्याकाळी सहा. विषय : 'उद्गार आणि व्यत्यय : उगम व अर्थ'. ग्रंथपाल आधी कां कूं करत होते. म्हणाले, हॉल आहे, पण शनिवारी संध्याकाळी तिथं आमचे... मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, छोट्या अडचणी सांगू नका, मी सांभाळून घेतो. पटलं त्यांना. अशा माणसांना थोडा धक्का द्यावाच लागतो.

कोशाची प्रगती : अगं. (त्यावर बराच विचार चालू आहे.)

शनिवार, ९ नोव्हेंबर. दुपारी.

मन भरून आलं. जेवताना बबडी एकदम म्हणाली, बाबा, ऐका, तेवीस तारखेला मी...

तेवीस तारीख! पोरीने लक्षात ठेवली! मी तिला पुढे बोलू दिलं नाही, घास तसाच ठेवून तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, शाबास! पहिल्या रांगेत तुझी आणि आईची खुर्ची राखीव. शाबास म्हणजे मूळ फारसी शाद बाश, आनंदी राहा. केवढा आशीर्वाद, आणि लोक तो कुत्र्यालाही देतात. बबडी म्हणाली, बाबा, मला वाक्य पुरं करू द्या. म्हटलं, कळलं गं, येणार आहात ना, मग झालं. ही पानावरून उठून गेली. आमटी उतू गेली असावी.

नंतर दोघींची आतल्या खोलीत कुजबुज. दाराशी सहज उभा होतो. ही म्हणत होती, मीच सांगते त्यांना. बबडी ठाम नाही म्हणाली. म्हणाली, माझी गोष्ट आहे, मीच सांगणार. एक वाक्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांनी ऐकायचं. तू सांगायचं नाहीस, शपथ आहे. एवढंही होत नसेल तर राहू दे.

काय बाणा! हट्टी आहे, पण कोणाची मुलगी? व्याख्यानानंतर आभाराचं भाषण करायचा बेत दिसतो. मी काही ऐकलंच नाही असं दाखवणार.

सोमवार, ११ नोव्हेंबर. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.

आज बंड केलं. गेल्या आठवड्याच्या बैठकीचं इतिवृत्त तयार केलं आणि त्यात एकही उद्गार गाळला नाही. सभापतींचं पाणीपुरवठ्यावरचं भाषण आता असं वाचता येतं : सन्माननीय सदस्यहो, अहो, अरे, अरे ऐका ना, छे छे छे, हॅट्, खाली बसा आधी, कोण शिट्टी मारतंय रे, तर पाणी. सत्य! पहिल्यांदा आमच्या कचेरीतून सत्य बाहेर पडलं. तळटिपा दिल्या आहेत. खबरदार म्हणजे ज्याला खबर आहे असा, हे सदस्यांनाही एकदा कळू दे.

नोकरी गेली तर जाऊ दे. भाषेसाठी कोणीतरी उभं राहायला हवं. (नोकरी जात नाही. नियम बघून ठेवला आहे.)

बुधवार, १३ नोव्हेंबर.

साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझं इतिवृत्त, जागोजागी लाल खुणा. साहेब म्हणाले, हे काय आहे? मी उत्तर द्यायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, मी अजून... मी म्हटलं, साहेब, मुद्दा असा. साहेब म्हणाले, अहो पण... मी म्हटलं, बघा, आत्ता तुम्ही अहो म्हणालात! संस्कृतात अहो म्हणजे आश्चर्य. साहेब बराच वेळ छताकडे बघत राहिले.

परिणाम : हेडफोन काढून घेतले. आता मी प्रत्यक्ष सभागृहात बसणार. सदस्याची बोलण्याची वेळ संपली की टेबलावरची घंटा वाजवायची आणि तो थांबेपर्यंत वाजवत राहायचं. ऑफिसात हसताहेत. हसू देत. आजवर मी दुसऱ्यांचे व्यत्यय लिहीत होतो. आजपासून अधिकृत व्यत्यय मीच. ही बढतीच आहे, फक्त तसं पत्र दिलेलं नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर.

थरारक शोध. उद्गार या शब्दाचा संस्कृतातला एक जुना अर्थ ढेकर! आतून वर येऊन बाहेर पडतं ते. म्हणजे माझ्या उद्गारकोशाचा अर्थ... असो. ही नोंद परिशिष्टात टाकावी. व्याख्यानात सांगू नये.

घरात गडबड आहे. दिवाणखान्यात नवी कोरी बॅग. ही माहेरी जाणार दिसते. माझ्या कामात अडथळा नको म्हणून असेल, समजूतदार आहे. बॅगेशेजारी जाड तळव्याचे बूट आणि पिवळं हेल्मेट. बबडी स्कूटर घेणार. हेल्मेट आधी घेतलं, हे मला आवडलं. तिला म्हटलंही तसं. ती म्हणाली, बाबा, हे हेल्मेट स्कूटरचं नाही, हे पुलावर... म्हटलं, पुलावर तर घालायलाच हवं, वारा असतो.

ती हसली. मग डोळे पुसायला लागली. हसून हसून पाणी आलं असावं. माझा विनोद असा हळूहळू चढतो.

कोश : अजून अ वरच. पण पाया पक्का होतोय.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.

नवा संकल्प, हिच्या आग्रहावरून : कोणाचंही बोलणं मध्ये तोडायचं नाही. ही म्हणाली, एक दिवस करून दाखवा. म्हटलं, आयुष्यभर तेच करत आलोय, पण तुझ्यासाठी पुन्हा करतो. ही म्हणाली, मग आज बबडी... म्हटलं, आज नको, आज घंटेचा सराव आहे.

ही शपथेने बांधलेली आहे म्हणे, म्हणून गप्प बसते. मात्र भांडी जोरात आपटते. ते शपथेत येत नसावं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळी, दिवे लागल्यावर.

उद्या व्याख्यान. ऑफिसातून घंटा घरी आणली आहे. भाषण वेळेत बसवायचं म्हणून टेबलावर घड्याळ, घंटा आणि कागद मांडून सराव करत होतो.

बबडी आली. समोर खुर्ची ओढून बसली. दोन्ही हात टेबलावर ठेवले, ऑफिसात मुलाखतीला बसतात तसे. म्हणाली, बाबा, आज शेवटचं सांगते, मध्ये बोलू नका. मी म्हटलं, बोल. म्हणाली, उद्या संध्याकाळी मी जे करणार आहे ते तुम्हाला आवडेल की नाही मला माहीत नाही, पण तुम्ही स्वतः तिथं यावं आणि मला...

माझा हात घंटेवर होता. वाजली. मुद्दाम नाही. म्हणजे अगदी मुद्दाम नाही. तिचं आभाराचं भाषण फार लांबत चाललं होतं आणि सरप्राइज फुटलं असतं.

ती घंटेकडे बघत बसली. मग उठली, खुर्ची जागेवर ठेवली आणि म्हणाली, बरं.

बरं हा शब्द 'वर' या संस्कृत शब्दावरून येतो. अर्थ : चांगलं, निवडावं असं. म्हणजे सगळं चांगलं आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर. सकाळी.

दोघींना सांगितलं, पावणेसहाला पोचा. ही काहीतरी बोलणार होती, बबडीने तिचा हात दाबला. बबडीने मला वाकून नमस्कार केला. व्याख्यानाआधी बापाला नमस्कार! डोळे भरून आले. म्हटलं, अगं, मी काही लढाईला चाललो नाही. ती म्हणाली, तुम्ही नाही, बाबा. मग मी निघालोच, फलकावरचं माझं नाव नीट लिहिलंय का बघायला.

त्याच दिवशी, घरी आल्यावर.

क्रमाने लिहितो.

हॉलमध्ये बुद्धिबळवाले बसले होते. दर शनिवारी असतात म्हणे. ग्रंथपाल म्हणाले, मी तुम्हाला त्या दिवशी हेच सांगत होतो. म्हटलं, असू द्या, श्रोते ते श्रोते. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या. स्त्रियांना तयार व्हायला वेळ लागतो. सुरुवात केली. बुद्धिबळवाल्यांनी मान वर केली नाही, पण मध्येच एकजण छे म्हणाला, दुसरा अरेच्चा म्हणाला, आणि मी ते तिथल्या तिथे उदाहरण म्हणून घेतले. रंगलो होतो.

तेवढ्यात ग्रंथपाल दारातून म्हणाले, अहो. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा आले, अहो, तुमच्या घरच्यांचा फोन. मी श्रोत्यांना म्हटलं, बघा, हाच तो व्यत्यय, आणि पुढे गेलो. तिसऱ्यांदा ते थेट टेबलापाशी आले आणि माझी बाही धरली. मग माझा तोल गेला. घंटा घेऊन गेलोच होतो, ती वाजवली आणि ठणकावून सांगितलं, की मी या विषयाचा अधिकारी माणूस आहे, माझ्या बोलण्यात व्यत्यय खपवून घेतला जाणार नाही! ग्रंथपाल गेले. एका बुद्धिबळवाल्याने टाळी वाजवली. त्याने डाव जिंकला होता.

शेवटपर्यंत बोललो. एकही वाक्य अर्धं राहिलं नाही.

बाहेर आल्यावर ग्रंथपालांनी निरोप सांगितला. या वेळी मी मध्ये बोललो नाही, घसा बसला होता. निरोप असा : बबडीची गाडी अर्धा तास उशिरा सुटणार आहे, अजून वेळ आहे, रिक्षा करा आणि स्टेशनवर या. ती तुमची वाट बघतेय.

म्हटलं, कुठली गाडी?

ते म्हणाले, ते मला काय माहीत. आता सुटलीही असेल.

सुटली होती. घराला कुलूप. किल्ली शेजाऱ्यांकडे. दिवाणखान्यात बॅग नाही, बूट नाहीत, हेल्मेट नाही. ही नंतर आली, चपला काढल्या, शपथ संपली म्हणाली, आणि सगळं एका वाक्यात सांगितलं. लांब कुठंतरी खाडीवर मोठा पूल होतोय, बबडीला तिथं नोकरी लागली, दोन वर्षं ती तिकडेच.

किती छोटं वाक्य.

रविवार, २४ नोव्हेंबर.

मी दोषी नाही. लिहूनच ठेवतो. मला कोणी नीट सांगितलंच नाही. सांगणाऱ्याची जबाबदारी असते, की ऐकणाऱ्याने तोडलं तरी पुन्हा जोडावं. सभागृहात सदस्य घंटेला जुमानतात का? बोलतच राहतात! बबडीने एका घंटेत हार मानली. मुळात गाड्यांनी शनिवारी संध्याकाळी सुटू नये.

हिला हे सगळं सांगितलं. ही एक अक्षर बोलली नाही. मध्येही नाही, नंतरही नाही. समोर कोणीच काही म्हणत नसेल तर बोलायला फार अवघड जातं, हे आज कळलं. आपलं बोलणं कुठं पडतं तेच समजत नाही.

कोश : काही नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर.

बबडीचा फोन हिला येतो. ही गॅलरीत जाऊन बोलते. आज मी म्हटलं, मला दे. कडक संकल्प केला होता. तोंड उघडायचं नाही. ती पुरं बोलेपर्यंत एक अक्षर नाही, चकार शब्द नाही.

फोन कानाला लावला. ती म्हणाली, हॅलो, बाबा? मी गप्प. म्हणाली, जेवलात का? मी गप्प. ओठ दाताखाली धरून ठेवले होते. म्हणाली, हॅलो, ऐकू येतंय का, हॅलो, बाबा, आहात का? मी गप्प! जन्मात कधी इतका गप्प बसलो नव्हतो. मग ती म्हणाली, लाइन गेली वाटतं. आणि फोन बंद झाला.

ही कपाळावर हात मारून म्हणाली, अहो, निदान हं तरी म्हणायचं!

म्हटलं, हं शब्द नाही. जरा ओरडूनच म्हटलं.

मग आत जाऊन बसलो. फार एकटं वाटलं. संशोधकाला वाटतंच.

शनिवार, ३० नोव्हेंबर. महिनाअखेर.

बबडीने माझ्या फोनवर आवाजी निरोप पाठवला आहे. ही म्हणाली, आता तुम्हाला असंच पाठवणार आहे, त्यात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. म्हटलं, माझ्याविषयी असा गैरसमज कोणी पसरवला?

फोन कानाला लावला, जुन्या सवयीने कागद पुढे घेतला आणि साफ प्रत करायला बसलो. निरोप असा : साइटवर पहिली मीटिंग होती. तिला एका खांबाच्या पायाबद्दल बोलायचं होतं. मोठा इंजिनिअर तिला मध्येच तोडून स्वतः बोलायला लागला. सगळे गप्प. बबडी उभी राहिली आणि म्हणाली, थांबा, माझं वाक्य अजून संपलेलं नाही. आणि संपवलं. नंतर कोणीतरी तिला विचारलं, एवढं धीट बोलायला कुठं शिकलीस? ती म्हणाली, घरी. फार सराव झालाय.

शाबास! मी मोठ्याने म्हणालो. शाद बाश!

पण प्रत नीट होईना. रेकॉर्डिंग सदोष. मधेमधे मोकळ्या जागा. ती म्हणते, बाबा, इथं वारा इतका असतो की... आणि थांबते. काहीच नाही. मग पुढे, हेल्मेट धरून चालावं लागतं. पुन्हा, खोलीतून खाडी दिसते आणि... थांबते. मग, तुमची आठवण येते. फोन खराब असेल म्हणून मी मागे घेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. तेव्हा लक्षात आलं, की फोन धडधाकट आहे. वाक्याच्या मध्ये नेमकी तेवढीच जागा सुटलेली आहे, जेवढ्यात मी माझं बोलून घेतो. समोर मी नाही तरी पोरगी माझ्यासाठी थांबते आहे. सवयीने.

आमच्या कचेरीच्या नियमाप्रमाणे अशा ठिकाणी कंसात काय लिहायचं, ते मला आठवेना.

मग अकारविल्हे बाजूला ठेवलं आणि कोशात थेट शेवटच्या पानावर नोंद केली :

हं : उगम माहीत नाही. अर्थ : बोल.

निरोप पुन्हा पहिल्यापासून लावला. केवळ शास्त्रीय प्रयोग म्हणून. बाबा, इथं वारा इतका असतो की... हं. हेल्मेट धरून चालावं लागतं. खोलीतून खाडी दिसते आणि... हं.

स्वयंपाकघरातून हिने विचारलं, अहो, कोणाशी बोलताय?

मी उत्तर दिलं नाही. बबडीचं वाक्य चालू होतं.